गाण्याची पट्टी

यासीनचाचांच्या खोलीला कुलूप लागलं त्याला आता एक पावसाळा उलटला. तरी दुपारी साडीला फॉल लावायला बसले की माझी सुई मध्येच थांबते. भिंतीपलीकडून आत्ता हाक येईल असं वाटतं. चाचांची हाक साधी नव्हतीच. सगळा जन्म शहाद्याच्या स्टँडवर आपली जीप भरताना ‘धडगाव, धडगाव, चला धडगाव’ असं ओरडण्यात गेलेला. त्यामुळे साखर संपली एवढंच सांगायचं असलं तरी ते गल्लीच्या टोकापर्यंत जायचं. पलीकडच्या मंगलबाई विचारायच्या, "चाचा, साखर मांगी ऱ्हायनात का सीट भरी ऱ्हायनात?"

उंच, वाळलेला माणूस. दाढीला मेंदी. खांद्यावर चौकड्यांचा रुमाल. त्याच रुमालाने जीपची काच पुसायची आणि त्यानेच तोंड. प्लास्टिकच्या खुर्चीत बसले तरी उजवा कोपर बाहेर काढून बसायचे, जणू खुर्चीलाही खिडकी आहे. बायको लवकर गेली. घरात ते आणि मुलगा सलीम, दोघंच.

मी लग्न होऊन ब्राह्मणपुरीहून इथे आले तेव्हापासून ते आमचे शेजारी. मला मुळात कुणाशी बोलवत नाही. शब्द घशापर्यंत येतात आणि तिथेच बसून राहतात. आणि आले बाहेर तरी आवाज बारीक. चाचा कानामागे हात धरून वाकायचे. "काय बोलनी? बेटा, तुन्ही जीभ ब्राह्मणपुरीलेच ऱ्हाई गयी का? जीप लईसन जाऊ का तिले लेवाले?" सगळे हसायचे, मीही हसायची. हिचा आवाजच निघत नाही, असं गल्लीने ठरवून टाकलं होतं. मलाही ते पटलेलं होतं.

"आजकालना लोके तोंडमातल्या तोंडमा बोलतस," ही त्यांची कायमची तक्रार. फोनवर ऐकू आलं नाही की रेंज नाही. टीव्हीचा आवाज पोचला नाही की टीव्ही खराब. गल्लीतल्या रिटायर मास्तरांशी बोलताना तर ते सरळ म्हणायचे, "गुरुजी, शायमा तुम्ही असंच शिकाडं का? मंग पोऱ्या नापास कसा व्हनार नही?" जन्मभर गच्च भरलेल्या जीपच्या गोंगाटात राहिलेला माणूस, तो असाच बोलणार, असं आम्ही समजत होतो.

धडगावच्या घाटाबद्दल बोलताना मात्र ते आवाज खाली आणायचे. "घाटमा रस्ता डोयाघाई नही, कानघाई दखना पडस," म्हणायचे, म्हणजे डोळ्यांनी नाही, कानांनी बघावा लागतो. घाटातल्या जुन्या ड्रायव्हरांची एक रीत होती आणि चाचा ती नमाजासारखी पाळायचे. आंधळा मोड, म्हणजे पलीकडचं न दिसणारं वळण, आलं की गाणं बंद करायचं, आपला हॉर्न द्यायचा आणि समोरून हॉर्न येतो का ते ऐकायचं. काही ऐकू आलं नाही तर रस्ता मोकळा. मोड संपला की गाणं परत सुरू. त्यामुळे त्यांच्या जीपमधून येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांना कोणतंच गाणं पूर्ण माहीत नसे. एकदा लग्नाच्या सीटा होत्या. नवरदेवाने कुरकुर केली की चाचा, गाणं तुटतंय. चाचा म्हणाले, "गानं तुटनं ते जोडता येस. तू तुटना ते तुन्ही बायको कोनले जोडसू?" हा किस्सा ते स्वतःच सांगायचे आणि सांगून झाला की स्वतःच आधी हसायचे.

सलीमने स्टँडजवळ गेमचं दुकान टाकलं होतं. कॉम्प्युटरला मोटारीसारखं स्टिअरिंग, खाली पायाशी ब्रेक आणि रेस. पोरं तासावर शर्यत खेळायला यायची. दुकान बरं चाललेलं असताना सलीमने एक दिवस ते बंद केलं, सगळं सामान घरी आणलं आणि बापाच्या शेजारी जीपमध्ये बसायला लागला. गल्लीला कळेना. "शिकेल पोऱ्या क्लीनर कसा व्हयना?" मंगलबाईंनी विचारलं. चाचांनाही ते फारसं आवडलेलं नव्हतं. "मोड उना की मी आयकाना पयलेच बोलस, अब्बा गाडी आ रही, अब्बा रुको. मन्हं आयकनंबी हिसकी लिधं पोऱ्यानं." पण मुलगा दिवसभर शेजारी बसतो याचं सुख त्यांच्या तोंडावर दिसायचं.

अपघात झाला तो ईदच्या आदल्या दिवशी. जीप बाजारातून डोंगरात परत जाणाऱ्या माणसांनी भरलेली. सलीमने पेनड्राइव्हवर नवं गाणं आणलं होतं. मोड आला, चाचांचा हात रीतीप्रमाणे टेपकडे गेला. सलीम म्हणाला, "अब्बा, एक दिन तो पूरा सुनने दो." चाचांनी हात मागे घेतला. वळणावर समोरून पिकअप आली. जीप डोंगराच्या अंगाला घासून आडवी पडली. दारापाशी बसलेली डोंगरातली एक बाई जागच्या जागी गेली. चाचांच्या उजव्या हाताची बोटं चेंगरली. सलीमला कपाळावर खोक पडली, एवढंच. पिकअपवाला सगळ्यांना सांगत होता, मी लांबून हॉर्न देत आलो. चाचा सांगत होते, हॉर्न वाजलाच नाही.

मी दवाखान्यात खिचडीचा डबा घेऊन गेले होते तेव्हा बापलेक समोरासमोर होते. चाचांचा हात पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला. ते सलीमकडे न बघता म्हणाले, "तेरे गाने ने मारा उसको." सलीमने माझ्या हातातला डबा घेतला, वडिलांना चमच्याने भरवला, डबा धुऊन परत दिला. चाचा घरी आले त्या आठवड्यात तो सुरतला निघून गेला. कपड्याच्या कारखान्यात लागला असं कळलं. बाप फोन करेना, मुलगाही करेना.

हात जरा बरा झाल्यावर चाचा दुसऱ्याच्या जीपमधून त्या बाईच्या पाड्यावर गेले. परत आले ते ओट्यावर बसूनच राहिले. मंगलबाईंनी भीत भीत विचारलं, "शिव्या दिध्यात का?"

"नही ना," चाचा म्हणाले. "पानी दिधं. शिवी दिधी असती ते बरं व्हतं. पानी गयाखाले उतरनं नही."

जीप भंगारात गेली. सलीमचा कॉम्प्युटर मात्र खोलीत तसाच होता, चादरीखाली. एका दुपारी भिंतीपलीकडून हाक आली, "बेटा, जरा ये वं, हाई चालू करी दे." त्यांची बोटं मिटत नव्हती, त्यामुळे उंदराच्या आकाराचं ते बटण त्यांना धरता येत नव्हतं. मला ते कधीतरी सलीमने करून दाखवलं होतं. दार उघडं ठेवून मी गेले. पडद्यावर डोंगर आला, बर्फाचा. त्यात एक चिंचोळा रस्ता. चाचांनी डाव्या हाताने स्टिअरिंग धरलं, उजवा कोपर बाहेर काढला आणि पहिलं वळण घेतलं. "देश कोनता शे कोन जाने," म्हणाले, "पन मोड आपलाज शे."

त्या खेळात आवाजाचं एक पान होतं. त्यावर एकाखाली एक आडव्या पट्ट्या. पट्टी उजवीकडे सरकवली की आवाज वाढायचा, डावीकडे नेली की कमी व्हायचा. अक्षरं इंग्रजी. माझी शाळा चौथीत सुटली आणि चाचा शाळेत गेलेच नव्हते. मग सरकवून सरकवून आम्ही ओळखलं. सगळ्यात वर गाण्याची पट्टी. तिच्याखाली इंजिनाची, मग टायरची, मग शर्यतीतल्या बाकीच्या गाड्यांची. शेवटची कसली ते कळेना. ती वाढवली तर स्पीकरमधून एक गोरा माणूस प्रत्येक वळणाआधी भराभर काहीतरी सांगू लागला. चाचा दचकले. "हाऊ कोन बाजूले बठीसन बडबड करस? बंद कर तेले. मन्हा सल्या कमी व्हता का?" मी ती पट्टी पार डावीकडे नेली. अपघातानंतर सलीमचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा.

आधी मला वाटलं, बिचाऱ्यांचा वेळ जातो. पण ते वेळ घालवत नव्हते. इंजिनाची पट्टी ते रोज थोडी इकडे, थोडी तिकडे करायला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. "नही. हाई नवी गाडी शे. मन्ही घाट चढतांना अशी रडे नही." एक दिवस डोळे उघडून म्हणाले, "हाईज. आते टायर वाढाव." टायरचा आवाज जमला. मग म्हणाले, "आते गानं."

खेळात आपली गाणी घालता येतात, सलीमने ती घातलेली होती. त्यात अपघाताच्या वेळचं ते गाणंही होतं. ते सुरू झालं तसा चाचांचा चेहरा पांढरा पडला. पण बंद कर म्हणाले नाहीत. त्यांना काय हवंय ते त्यांनी तेव्हा सांगितलं. पिकअपवाला खरं बोलतोय की खोटं? त्याने हॉर्न दिला असेल तर तो या गाण्यातून ऐकू आला असता की नसता? ऐकू येण्यासारखा असेल तर हॉर्न वाजलाच नाही, म्हणजे पिकअपवाला खोटा आणि सलीम सुटला. आणि ऐकू येण्यासारखा नसेल तर बाई गाण्यानेच मेली. मी म्हटलं, टेप लावून बघा, खेळ कशाला? दोनदा सांगावं लागलं तेव्हा त्यांना कळलं. "खाटवर बठीसन कोनीबी आयकी," म्हणाले. "हात स्टिअरिंगवर, ध्यान मोडमा, तवय आयकू उनं पाहिजे."

भंगारवाल्याकडून त्यांनी पिकअपचा हॉर्न आणला. बारीक, चिरक्या आवाजाचा. जुन्या बॅटरीला जोडून तो मागच्या पटांगणात शेवग्याला टांगला आणि तार लांबवून बटण मागच्या दारात आणलं. मी दारात बसायचं. चाचांची पाठ माझ्याकडे. कधी वाजवणार ते सांगायचं नाही. ऐकू आलं की त्यांनी हात वर करायचा.

पहिल्या दिवशी गाणं अपघाताच्या वेळी होतं तेवढंच मोठं ठेवलं. मी बटण दाबलं. हात वर आला नाही. परत दाबलं, तरी नाही. खेळातला रस्ता संपल्यावर ते वळले. माझ्या तोंडाकडे बघून समजले की हॉर्न वाजला होता. रुमालाने त्यांनी पडदा पुसला, मग तोंड पुसलं. "मंजे गानंच," एवढंच बोलले.

तिथे थांबले असते तर कदाचित बरं झालं असतं. पण माणसाला मुलाला सोडवायचं असलं की तो थांबत नाही. दुसऱ्या दिवशी परत हाक. गाणं एवढं मोठं नसेलच, जरा कमी कर. मी कमी केलं. हात वर आला नाही. आणखी कमी कर. त्यांना आठवायचं, हात टेपपर्यंत गेला होता, थोडं कमी केलंही असेल आपण. मग म्हणायचे, नाही, नव्हतं केलं. मग म्हणायचे, केलं होतं. जेवण सुटलं. आम्ही दिलेली भाकरी झाकलेली तशीच राहायची. मंगलबाई भांडायला यायच्या, "चाचा, गाडी त शे नही, हॉर्न कसाले वाजाडतस? आमना डोकामा घाट व्हई गया!" चाचा हात जोडायचे. "बस, आजना दिवस, मंगलबाई."

मग एका दुपारी मी गाण्याची पट्टी पार डावीकडे नेली. गाणं गेलं. नुसतं इंजिन आणि टायर राहिले. दारात येऊन मी बटण दाबलं. शेवग्यावरचे कावळे उडाले. चाचांनी वळण घेतलं, दुसरं घेतलं. हात स्टिअरिंगवरच. मला वाटलं, तार सुटली. पण हॉर्न तर माझ्या कानात घुसत होता. मी उठून आत आले आणि त्यांनी न सांगता इंजिनाची पट्टीही पार डावीकडे नेली, टायरचीही. खोलीत आवाज म्हणून उरला नाही. पडद्यावर गाडी मुकी पळत होती. मी परत गेले आणि बटण दाबून धरलं.

चाचांनी मोड घेतला. मग गाडी थांबवून मागे वळले आणि हसून म्हणाले, "काबर वाजाडत नही वं? दमनी का?"

माझं बोट अजून बटणावर होतं. हॉर्न वाजतच होता. मला सांगायचं होतं, पण शब्द नेहमीसारखे घशात बसले. तेवढ्यात मागे दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या मंगलबाई तरातरा चालत आल्या. दोन्ही कानांवर हात, तोंड वेडंवाकडं, "बंद कर, बंद कर" म्हणून किंचाळत होत्या. चाचांनी त्यांच्या कानांवरचे हात पाहिले. मग माझं बोट पाहिलं. ते उठले, माझ्या शेजारून बाहेर गेले आणि शेवग्याकडे चालू लागले. अगदी झाडाखाली पोचल्यावर दचकले. परत मागे आले, थांबले. पुन्हा झाडाकडे गेले. तसं किती वेळा केलं कोण जाणे. मंगलबाईंचे हात कानांवरून आपोआप खाली आले.

ते मागच्या पायरीवर येऊन बसले. मी बटण सोडलं.

"मोडवर मी गानं बंद करू," ते हळूहळू म्हणाले. "कान दिऊ. काही आयकू ये नही. मी म्हनू, रस्ता मोकया शे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बेटा, कितला मोड मी असाच लिधात?"

मंगलबाईंनी पाणी आणून दिलं. ते त्यांनी हातात धरून ठेवलं. मग एकदम म्हणाले, "सल्याले फोन लाव. आत्ते लाव."

मी लावला. पलीकडून उचलल्याचं मी खुणेने सांगितलं. चाचा आरोळी ठोकावी तसं बोलू लागले, "सल्या! तेरा गाना नहीं था रे. गाना नहीं था. मेरे कान गए थे. मैं बहरा हूं. मैंने तेरे को झूठा इल्जाम दिया. सुना क्या?" मग फोन कानाला दाबून वाट पाहत राहिले. या कानाला, त्या कानाला. शेवटी माझ्या हातात दिला. "काय बोलना तो? सांग."

पलीकडे नुसता श्वास होता. मी नाव सांगितलं तेव्हा सलीम बोलला.

"भाभी, अब्बासना कान गयात हाई माले मालूम व्हतं. दुकान मी तेन्हाकरताच सोडं. सांगतू ते त्यासनी जीप सोडी देती, आनि जीप सुटती ते त्या वाचतात नही. म्हनीसन बाजूले बठू. त्यासना कान मी व्हतू, भाभी. त्या दिवशी हॉर्न माले आयकाले पाहिजे व्हता. गानं मी मोठं करं."

मी फोन घट्ट धरून उभी होते. चाचा पायरीवरून माझ्या ओठांकडे बघत होते. माझे ओठ हलत नाहीत हे बघून त्यांचा चेहरा पडत चालला होता.

"त्यासले हाई सांगू नका," सलीम म्हणाला. "त्यासले येवानं व्हई ते येऊ द्या. पन हाई नका सांगू."

फोन बंद झाला. चाचांनी माझी बाही धरली. "काय बोलना? रागे भरना का? शिव्या दिध्यात का?"

मी जन्मात एवढ्या मोठ्याने बोलले नव्हते. "या म्हणतो!" मी ओरडले. "चाचा, तो या म्हणतो!" मंगलबाईसुद्धा माझ्याकडे बघत राहिल्या. चाचांनी ते माझ्या ओठांवरून वाचलं, मग परत सांगायला लावलं, आणि मग हातातलं पाणी गटागटा पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मंगलबाई त्यांना सुरतच्या बसवर पोचवायला गेलो. एक पिशवी, खांद्यावर रुमाल. खोलीची किल्ली त्यांनी माझ्याकडे दिली. ते कधीच मागच्या सीटवर बसत नसत, पण त्या दिवशी पुढची जागा रिकामी असून मागे खिडकीपाशी जाऊन बसले. ड्रायव्हरने बस सुरू केली, काचा थडथडायला लागल्या. चाचांनी खिडकीच्या गजावर हात ठेवला आणि मला विचारलं, "चालू व्हयनी का?" मी मान हलवली.

मग ते समोर बघू लागले आणि त्यांचे ओठ हलू लागले. मुलाच्या दारात उभं राहून काय बोलायचं ते ते मनातल्या मनात घोकत होते. मनातल्या मनात असं त्यांना वाटत होतं. "गाना नहीं था, सल्या. गाना नहीं था," त्यांचा आवाज स्टँडभर ऐकू येत होता. बसमधली माणसं वळून बघत होती, एक बाई तोंडाला पदर लावून हसत होती. बस फाटकातून बाहेर पडून वळली, तरी तो आवाज येतच होता.